मल्लम्माच्या छातीचा फोटो

मल्लम्माला खोकला लागला तो दुष्काळाच्या धुळीनं. पण गावानं त्याचा टीबी करून टाकला. औश्याकडच्या त्या गावात विहिरींनी कधीच तळ दाखवला होता. दुपारी वारं सुटलं की आख्खं शिवार उठून घरात येऊन बसायचं. मल्लम्मा ते झाडून बाहेर काढायची आणि खोकायची. शेजारची केवळाबाई एक दिवस दारातूनच म्हणाली, "महादेवे, लेकराला दूर ठिव गं म्हातारीपासनं."

झालं. महादेवीनं जड हातानं नागीला सासूच्या मांडीवरून उचललं.

आता नागी ही अशी पोर, की तिला झोपायला एकच जागा ठाऊक होती, आजीची छाती. पाळणा नको, आईसुद्धा नको. ती रडायला लागली की आतल्या खोलीतून मल्लम्मा अंगाई म्हणायची, अंगाईत मधेच खोकला यायचा आणि नागी आणखीच टाहो फोडायची. महादेवी मधल्या दारात उभी. इकडं जावं की तिकडं, तिला कळायचं नाही. शेवटी तिनंच ठरवलं, एकदा काय ते दिसू दे, म्हणून ती सासूला आणि लेकीला घेऊन एस्टीनं लातूरला आली.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. म्हणजे पाट्या जिल्ह्याच्या झाल्या होत्या, नळाला पाणी अजून तालुक्याइतकंच येत होतं. जिल्हा झाला म्हणून नाशिककडचे एक डॉक्टर पिंगळे एक्स-रे फोटोचं मशीन घेऊन तिथं आले होते. त्यांच्या भिंतीवर एका माणसाचं मोठं चित्र टांगलं होतं. पुढून कातडीच नाही, आतलं सगळं उघडं.

"अव्वा! ह्याला कुनी सोलला?" मल्लम्मा म्हणाली.

डॉक्टर हसले. "आजी, तुमच्या आतही असंच आहे. ही फुप्फुसं. नळीतून हवा येते, नळीला फांद्या फुटत जातात आणि टोकाला बारीक बारीक फुगे. तिथं रक्त हवेतलं चांगलं तेवढं घेतं. हे हृदय. ते रक्त सगळ्या अंगाला पोचवतं, परत आणतं, पुन्हा पोचवतं."

"थांबत न्हाई?"

"थांबलं की संपलंच."

"म्हंजी घरची सून हाय," मल्लम्मानं निकाल दिला. "आन् हे खाली ऐसपैस बसलंय ते?"

"जठर. खाल्लेलं घुसळतं, आतड्याकडं पाठवतं. आणि ही मूत्रपिंडं, रक्त गाळून घाण बाहेर काढतात."

"हिथं गाळायला पानी न्हाई आन् ह्यांचं बरं चाललंय," ती महादेवीच्या कानात म्हणाली. "एकत्र कुटुंब हाय गं आत. खोकला आला की सगळ्यांची झोपमोड."

फोटोआधी डॉक्टरांनी बजावलं, "गळ्यातले सगळे दागिने काढा." मल्लम्मानं बोरमाळ काढली, डोरलं काढलं, सुनेच्या ओंजळीत ठेवलं. "आता अंगावर दागिना म्हनून काई न्हाई," ती म्हणाली, आणि ते खरंच होतं.

फोटो आला आणि डॉक्टरांचा चेहरा उतरला. हृदयाच्या शेजारी अंड्याएवढं काहीतरी पांढरंशुभ्र बसलं होतं.

"आजी, काही गिळलं होतं का?" त्यांनी विचारलं आणि स्वतःच मान हलवली. "नाही, गिळलेलं जठरात जाईल. ते इथं कसं येईल? सोलापूरला दाखवावं लागेल."

महादेवी फोटोजवळ गेली. कडेवर नागी आजीकडं झेपावून रडत होती. फोटो धूसर दिसत होता, म्हणून तिनं डोळे पुसले आणि पुन्हा पाहिलं. अंड्याला दोन्ही बाजूंना कान होते. दोरा ओवायचे कान. दर सोमवारी चिंच लावून ती स्वतः घासायची ती सासूच्या गळ्यातल्या इष्टलिंगाची चांदीची डबी, लिंगायतानं जन्मभर अंगावर बाळगायची!

"आत्याबाई! लिंग काढलं न्हाई तुम्ही?"

"ते कशाला काढू? दागिने काढा म्हनला डॉक्टर. ते दागिना हाय व्हय? उद्या काळीज काढून ठिव म्हनला तर ठिवू का?"

डॉक्टर मटकन खुर्चीत बसले. "पण आजी, त्या डबीमागचं फुप्फुस झाकलंय. ती काढल्याशिवाय खोकला कशाचा ते सांगता येणार नाही."

"मेल्यावर बी ते माझ्यासंगं मातीत जानार. फोटोपायी अंगावेगळं करू?"

नागीचा आवाज आता बसत चालला होता. महादेवीनं तिला दुसऱ्या कडेवर घेतलं. "आत्याबाई, रोज पूजेला ते कुठं घेता?"

"डाव्या तळहातावर."

"मंग? तळहात अंगावेगळा हाय का?"

मल्लम्मानं भिंतीवरच्या चित्रातल्या माणसाकडं पाहिलं. "डॉक्टर, हाताला रगत कुठनं येतं ओ?"

"हृदयातूनच. तिथूनच जातं, तिथंच परत येतं."

"मंग छातीशीच हाय म्हना की ते. चला."

मशीनपुढं मल्लम्मा डावा हात लांब करून, तळहातावर लिंग घेऊन उभी राहिली. "श्वास घ्या... धरा..." डॉक्टर म्हणाले आणि फोटो बिघडू नये या काळजीत पुढचं बोलायचं विसरले. मल्लम्मा लाल झाली, मग जांभळी झाली.

"आत्याबाई, सोडा!"

"त्यानं सोडा म्हनायला नगं का?" ती धापा टाकत ओरडली.

या फोटोत फुप्फुसं स्वच्छ होती. थुंकीतही काही सापडलं नाही. "धुळीनं नळ्या सुजल्यात," डॉक्टर म्हणाले. "औषध देतो. झाडताना तोंडाला पदर बांधा. टीबी नाही."

महादेवीनं पुढचं ऐकलंच नाही. तिनं नागीला उचलून सासूच्या हातात दिलं. पोरीनं आजीच्या लुगड्यात नाक खुपसलं, दोन हुंदके दिले आणि डॉक्टरांची चिठ्ठी लिहून व्हायच्या आत ती झोपून गेली.

बाहेर बाकावर रांगेनं पेशंट बसले होते. एक म्हातारा जोरात खोकला. मल्लम्मानं त्याच्याकडं असं पाहिलं की त्यानं उपरणंच तोंडात कोंबलं.

"हळू खोका ओ," ती कुजबुजली. "लेकरू आत्ताच झोपलंय."