सुई उतरेपर्यंत

प्रवीणने पेट्रोलचा दाब मोजायच्या गेजची नळी इंजिनावरच्या पाइपाला घट्ट बसवली, बोटांना लागलेलं पेट्रोल पँटला पुसलं आणि गेजची तबकडी पुढच्या काचेवर वायपरच्या आधाराने अशी टेकवली, की आत बसलेल्या माणसाला ती घड्याळासारखी दिसावी.

"सर, चावी टाका. स्टार्ट नाय करायची. नुस्ते दिवे लागेपर्यंत."

गंगाधर सरांनी चावी अर्धी फिरवली. मागच्या सीटखाली कुठेतरी, टाकीच्या पोटात, बारीक गुणगुण झाली आणि तीन-चार सेकंदांत थांबली. तेवढ्यात सुई शून्यावरून उठून तीनच्या आकड्यापाशी जाऊन उभी राहिली.

"आता बंद करा. आनि सुई बगत बसा. वीस मिनटं."

"नुसतं बघत बसायचं? आणि तू काय करणार?"

"मी पन तेच करनार."

महाडच्या शाळेत चौतीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलेल्या माणसाला एका विद्यार्थ्याने फळ्याकडे बघत बसायला सांगावं, तसं झालं. आणि विद्यार्थीही कसा, तर नववीच्या सहामाहीत 'दाब म्हणजे काय' या प्रश्नाला 'दाब म्हणजे घरचे लग्नासाठी टाकतात तो' असं उत्तर लिहिलेला. ते उत्तर शेजारच्या बाकाशी लावलेल्या पैजेपोटी होतं, हे सरांना पुढे कळलं, पण भोपळा त्यांनी मागे घेतला नव्हता. तो उमरठचा प्रवीण आता चाळिशीचा झाला होता, पोलादपूरला जुन्या रस्त्यावर त्याचं गॅरेज होतं, आणि दाबाच्या बाबतीत पंचक्रोशीत त्याचा शब्द शेवटचा मानला जात होता.

घाटाखालून बोगदा झाल्यापासून या रस्त्याला फारसं कोणी येत नसे. पूर्वी घाट ओलांडून तापलेल्या गाड्या इथे रांगेने वाफा सोडत उभ्या असायच्या. आता रस्त्याच्या मधोमध एक कुत्रं झोपलं होतं आणि त्याच्या झोपेत कोणाचाही व्यत्यय येत नव्हता. नव्या महामार्गाचा आवाज लांबून येत होता, समुद्राचा यावा तसा. मे महिन्याच्या धुरकट उन्हात डोंगर इतके फिके झाले होते, की कोणी ओल्या फडक्याने पुसले तर निघून जातील असं वाटावं. गॅरेजच्या अंगणात प्रवीणची आई बयाबाई फाटक्या लुगड्यावर आमसुलांसाठी रातांब्याच्या साली वाळत घालत होती. तिचे हात लालभडक झाले होते.

"हितं अडीचवर आली," प्रवीण म्हणाला.

सरांनी पाहिलं. सुई चालताना दिसत नव्हती. नजर डोंगरावर जाऊन परत आली, की ती थोडी खाली सापडायची, एवढंच.

"उद्यापर्यंत झालं पाहिजे रे," ते म्हणाले. हे त्यांनी सकाळपासून तिसऱ्यांदा सांगितलं होतं.

उद्या शनिवार. उद्या पुण्याला जाऊन बायकोला, प्रमोदिनीबाईंना, घेऊन यायचं होतं. नातीला, म्हणजे ईराला, सांभाळायला म्हणून त्या तीन महिन्यांसाठी मुलाकडे गेल्या, त्याला आता चौदा महिने झाले होते. भांडण वगैरे काही नव्हतं. पस्तीस-चाळीस वर्षं संसार केलेल्या माणसांना एकमेकांपासून लांब राहायला भांडणाची गरज पडत नाही, एखादी नात पुरते. ईरा जूनपासून शाळेत जाणार होती, म्हणजे ते कारणही संपलं होतं. "पाठ दुखते, एसटीने मी येणार नाही," बाईंनी फोनवर सांगितलं होतं. "तुम्ही गाडी घेऊन न्यायला या." आणि लगेच मुलाने, आमोदने, फोन घेतला होता. "बाबा, ती गाडी आता ताम्हिणी घाटात कुठे बंद पडली तर? त्यापेक्षा तुम्हीच या की इकडे. आमच्याच बिल्डिंगमध्ये खालचा फ्लॅट रिकामा आहे. आईलाही आवडलाय."

आईलाही आवडलाय, हे वाक्य गंगाधर सर आठवडाभर घरात इकडून तिकडे हलवत होते. कुठल्याच कोपऱ्यात ते नीट बसत नव्हतं.

गाडी चालताना उत्तम चाले. वीस वर्षांची होती, निळी होती, चढावर दमत नव्हती. फक्त अर्धा-पाऊण तास उभी राहिली, की सुरू व्हायला नकार देई. स्टार्टर फिर-फिर फिरायचा, इंजिन धरायचं नाही. महाडच्या बाजारात, चवदार तळ्यापाशी, कोर्टासमोर, सगळीकडे ती लोकांकडून ढकलून घेऊन झाली होती. बॅटरी नवी घातली, प्लग बदलले.

"मास्तर," बयाबाई साली पसरता पसरता म्हणाली, "गाडी बाईंच्या हाताखालची. त्या गेल्या नि तिनं अंग टाकलन. बैल पन असंच करतो."

"बयाबाई, गाडीला कळत नसतं."

"आसंल. तुमाला तरी काय कळतंय, उगा बसून ऱ्हायलाव."

प्रवीणने हसू दाबायला तबकडीत डोकं घातलं. सुई एकच्या खाली गेली होती. बाराव्या मिनिटाला ती शून्यावर जाऊन आडवी झाली.

"दाब उतरतो, एवढं नक्की," प्रवीण म्हणाला. "आता कुटून उतरतो ते बगू." त्याने टाकीकडून येणारी रबरी नळी इंजिनाजवळ चिमट्यात आवळण्याची तयारी केली. पेट्रोल टाकीकडे परत जात असेल तर ही नळी दाबल्यावर सुई जागेवर थांबेल. तरीही उतरली, तर दोष इंजिनाच्या बाजूला. "चावी टाका सर."

पुन्हा गुणगुण. पुन्हा सुई तीनवर. प्रवीणने चिमटा आवळला, चावी बंद झाली, आणि दोघं पुन्हा बसले, या वेळी प्रवीण शेजारच्या सीटवर. बसताना त्याने तिथली कापडी उशी उचलून मागे टाकायला हात उगारला.

"ती तिथेच राहू दे."

प्रवीण उशीच्या पुढे, सीटच्या काठावर, परीक्षेला बसल्यासारखा बसला.

या खेपेला सुई हलली नाही. डोंगर बघून आलं तरी ती तीनवर, कुत्र्याने कूस बदलली तरी तीनवर. न हलणाऱ्या गोष्टीकडे बघत राहिलं की डोळे जड होतात. सरांचेही झाले. त्यांना ती गुणगुण पुन्हा ऐकू आल्यासारखी वाटली, आणि तिच्यात मिसळलेला एक शब्द: थांबा. उजवीकडे आपण, डावीकडे बायको, डॅशबोर्डवर तिने चिकटवलेला अंगठ्याएवढा गणपती, आणि चावीवरचा आपला वैतागलेला हात. "थांबा," ती म्हणायची, हात जोडायची, ओठ हलायचे. आपण स्टिअरिंगवर बोटं वाजवायचो. मग ती म्हणायची, "आता."

"वीस झाली," प्रवीण म्हणाला. "जागची हलली नाय. म्हंजे पंप. वर चढलेलं पेट्रोल खाली उतरू नये म्हनून पंपात बारका व्हॉल्व असतो, त्यो गेलाय. आनि सर, ह्ये आजचं नाय. दोन-तीन वर्षांचं तरी असंल."

"मग चौदा महिन्यांपूर्वीपर्यंत सुरू कशी व्हायची?"

"चावी टाकून जरा थांबत असाल. तेवढ्यात पंप दाब भरून घेतो. थांबलं की सुरू, घाई केली की नाय."

"मी कशाला थांबेन?"

गणपती समोरच होता. बाई पुण्याला गेल्या त्या दिवसापासून ते गाडीत बसल्याबरोबर एका दमात चावी फिरवत होते. त्यात मोकळेपणाचा थोडा आनंदही होता, हे त्यांना आत्ता आठवलं. मग त्यांनी प्रवीणला ते नमस्काराचं सांगितलं, गुन्हा कबूल करावा तसं, खाली बघून.

प्रवीण हसला नाही. बयाबाईही हसली नाही. ती फक्त म्हणाली, "मंग मी काय येगळं सांगत व्हते?"

प्रवीणने उतरून चिमटा सोडवला आणि पंपासाठी पनवेलला फोन लावला. पंप सोमवारी येणार होता.

सर गाडीतच बसून राहिले. सुई पुन्हा उतरू लागली होती. ती दोनच्या खाली गेल्यावर त्यांनी पुण्याला फोन लावला.

"निघालात का काय आजच?" प्रमोदिनीबाई म्हणाल्या. मागे ईरा कशासाठी तरी हट्ट करत होती.

"नाही. एक विचारायचं होतं. गाडीत बसल्यावर तू नमस्कार करायचीस, तेव्हा काय म्हणायचीस?"



"काही नाही म्हणायचे."

"ओठ हलायचे तुझे."

"एक, दोन, तीन, चार. मागे गुणगुणतं ना, ते थांबेपर्यंत. त्याआधी फिरवलीत की ती नुसती खोकायची. थांबल्यावर फिरवलीत की लगेच लागायची. पाच-सहा वेळा बघितलं मी."

"मग तसं सांगायचं ना मला."

"सांगितलं होतं. ताम्हिणीत, चहाच्या टपरीवर. तुम्ही म्हणालात, असं काही नसतं. वर्तमानपत्राच्या कडेला आकृती काढून दाखवलीत, का नसतं ते." बाईंच्या आवाजात तक्रार नव्हती. जुन्या पत्त्यावरचं पत्र वाचून दाखवावं, तसा आवाज होता. "मग मी गणपती आणून चिकटवला. देवासाठी तुम्ही थांबायचात. कुरकुर करत, पण थांबायचात."

सरांना ती टपरी आठवली. आकृतीही आठवली. चांगली आली होती ती.

"व्हॉल्व गेलाय," ते म्हणाले. "पंप सोमवारी येणार."

"मग?"

सुई शून्यावर टेकली. सरांनी फोन कानापासून काढला, स्पीकरवर टाकला आणि गणपतीशेजारी उभा केला.

"ठेवू नकोस फोन," ते म्हणाले, आणि चावी अर्धी फिरवली.

दिवे लागले. मागून गुणगुण उठली. पुण्यात ईराला कोणीतरी गप्प केलं. बयाबाईचा लाल हात सालींवर थांबला. गुणगुण संपली, सुई तीनवर जाऊन उभी राहिली, आणि तरी गंगाधर सरांचा हात चावीवर तसाच राहिला.

"आता," फोनमधून आवाज आला.

इंजिन पहिल्या फटक्यात लागलं. रस्त्यावरच्या कुत्र्याने एक डोळा उघडला.

"अहो," प्रमोदिनीबाई म्हणाल्या, "माझी पाठीची उशी आहे का तिथे?"

"आहे. तिथेच आहे."

"आजच उन्हात टाका जरा. चौदा महिन्यांची धूळ असेल तिच्यावर."

"सर, बंद करा आता, पेट्रोल जळतंय," प्रवीण म्हणाला. पण सर गाडी तशीच चालू ठेवून उतरले होते. उशी दोन्ही हातांत धरून ते अंगणात उभे राहिले, आणि बयाबाईने काही न विचारता साली सरकवून लुगड्यावर तेवढी जागा केली.