मेतकुटाची शोकसभा

दिल्लीत, द्वारकेतल्या आमच्या सेक्टरच्या बाजारात केमिस्ट आणि ड्रायक्लीनर यांच्या मधल्या आठ फुटांत माझं 'निवडक' नावाचं खाद्यपदार्थांचं दुकान आहे. केंद्र सरकारात चौतीस वर्षं फायलींवर फक्त खरं लिहिलं, त्याचा सूड मी निवृत्तीनंतर इथं उगवला. माझ्याकडच्या मधाच्या माश्या एकादशीला काम करत नाहीत. माझ्या कोकमाची झाडं समुद्राकडे पाठ करून उभी असतात, म्हणून आगळ खारट लागत नाही. गिऱ्हाईक हसतं, बाटली घेतं, कुणाचं काही बिघडत नाही. गोदाआजींच्या बाबतीत मात्र बिघडलं.

माझ्या दुकानातलं मेतकूट सुनंदाबाई करतात. गाझियाबादला, वैशालीत, चौथ्या मजल्यावर राहतात. एकेक डाळ वेगळी भाजायची, मेथी सगळ्यात शेवटी, असं त्यांचं काम. दर मंगळवारी सकाळी मेट्रोनं यायचं, वीस पाकिटं ठेवायची, अर्धा कप चहा घ्यायचा आणि निघायचं. चार वर्षं हे असंच. पण 'गाझियाबादचं' म्हटलं की माणसं पाकीट पुन्हा फळीवर ठेवायची. म्हणून माझ्या नेहमीच्या गिऱ्हाईक सुहासिनीबाईंनी एकदा विचारलं, "कोण करतं हो हे?" तेव्हा माझी जीभ सुटली.

"वेंगुर्ल्याजवळ एक गोदाआजी आहेत. वय एक्याण्णव. डोळ्यांना काही दिसत नाही. डाळ आवाजावर भाजतात. हरभऱ्याची तडतडते, उडदाची कुजबुजते. कुजबुज थांबली की आजी कढई उतरवतात."

सुहासिनीबाईंनी दोन पाकिटं नेली. पुढच्या रविवारी माणसं आजींचं पुढचं ऐकायला आली. मग आजींकडे चंपा नावाची शेळी आली, तीन जावई आले, तिघांची नावं आली, त्यातला धाकटा जरा तिरसट निघाला. मेतकूट दुपारपर्यंत संपायला लागलं.

सुहासिनीबाईंचा मुलगा जयंत डोळ्यांचा डॉक्टर. एका रविवारी म्हणाला, "काका, मोतीबिंदूच असणार. त्यांना दिल्लीला आणा, ऑपरेशन मी करतो. बिल्कुल काळजी करू नका."

"आजी विमानात बसायच्या नाहीत रे."

"मग मीच जातो. मार्चमध्ये सुट्टी टाकतोय. पत्ता देऊन ठेवा."

त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या सुहासिनीबाई म्हणाल्या, "माझेही मोतीबिंदू यानंच काढले. त्या बाईंनी आपल्या हातचं मेतकूट एकदा तरी डोळ्यांनी बघावं, असं मला फार वाटतं. रोज देवापुढे त्यांच्यासाठी एक वात जास्त लावते मी."

आता अशा वेळी भला माणूस काय करतो? खरं सांगून टाकतो. मी आजींना मारलं. मार्च उजाडायच्या आत, झोपेत, अगदी शांतपणे.

आजी गेल्यावर मेतकूट कुठून येणार? म्हणून सुनंदाबाईंना फोन केला. "आता पाठवू नका. चालत नाही."

"चालत नाही?" त्यांनी विचारलं. मग, "अच्छा," म्हणाल्या.

त्या रविवारी सकाळी जयंतनं दुकानात शोकसभाच भरवली. सात माणसं आत, चार पायरीवर. शेवटच्या पाकिटातलं मेतकूट बरणीत काढून सुहासिनीबाईंनी बरणीला झेंडूचा हार घातला. "दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू," जयंत म्हणाला. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी एक डोळा उघडा ठेवला होता, म्हणून दारात सुनंदाबाई आलेल्या मला दिसल्या.

मंगळवार नव्हता, तरी आल्या होत्या. सगळे उभे आहेत बघून त्याही कापडी पिशवी पोटाशी धरून, डोळे मिटून उभ्या राहिल्या. ती दोन मिनिटं माझ्या चौतीस वर्षांच्या नोकरीपेक्षा लांब होती.

"कोण गेलं हो?" त्यांनी सुहासिनीबाईंना हळूच विचारलं.

"हे मेतकूट करणाऱ्या गोदाआजी. आंधळ्या होत्या बिचाऱ्या. आवाजावर भाजायच्या."

सुनंदाबाईंनी बरणीकडे पाहिलं. हाराकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"मी विचारायला आले होते, काय बिघडलं म्हणून," त्या म्हणाल्या. "चार दिवस तेच डोक्यात आहे. सुंठ जास्त होत होती का? यात कमी करून आणलीय."

खरं सांगतो, त्या क्षणीसुद्धा माझ्या तोंडात गोष्ट तयार होती. 'ह्या आजींच्या भाची, हात अगदी तोच!' टाळ्या पडल्या असत्या. सुहासिनीबाईंची वातही वाया गेली नसती. पण सुनंदाबाई पिशवी उघडून उभ्या होत्या, आणि माझ्या तोंडून सुंठेबद्दल काय निघतं याचीच वाट बघत होत्या.

"सुंठ बरोबर होती," मी म्हणालो. "सगळंच बरोबर होतं. आजी नव्हत्याच. मेतकूट पहिल्यापासून ह्याच करतात."

जयंत हसला. "काका, यार, आज तरी नको."

"शपथ घेतो रे."

"तुमच्या माश्या एकादशी करतात, काका!" पायरीवरून कुणीतरी म्हणालं, आणि दुकान हसलं. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

सुनंदाबाईंनी एक पाकीट फोडलं आणि सुहासिनीबाईंच्या तळहातावर चिमूटभर मेतकूट ठेवलं. त्यांनी ते तोंडात टाकलं. मग बरणीचा हार काढला. तो कुठं ठेवावा ते कळेना, म्हणून हातातच धरून राहिल्या.

"मग मी वात कुणासाठी लावत होते?" त्यांनी मला विचारलं.

जयंत म्हणाला, "सुट्टी मंजूर झाली होती माझी." एवढंच. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"गाझियाबादचं म्हणून सांगायची लाज वाटली?" सुनंदाबाईंनी विचारलं.

"हो."

त्यांनी पाकिटं काढून काउंटरवर मांडली आणि माझा जाड मार्कर माझ्यापुढे सरकवला. "नाव लिहा."

मी पहिलं पाकीट ओढलं. 'सुनंदा' लिहिलं आणि हात थांबला. शेळीचं नाव मला पाठ होतं. तिन्ही जावयांची होती. चार वर्षं दर मंगळवारी ही बाई माझ्याकडे अर्धा कप चहा पिऊन गेली होती.

"आडनाव?" मी विचारलं.

आता कुणी हसलं नाही.

"ढवळीकर," त्या म्हणाल्या. हळू, फोड करून, लिहून घेणाऱ्याला सांगावं तसं. मी लिहिलं. पुढचं पाकीट घेतलं.

"थांबा," त्या म्हणाल्या. "खाली गाझियाबाद लिहा. मोठ्या अक्षरात."