एका चौकटीत दोनच रंग

मित्रांनो, माझ्याकडून फार नाजूक चित्राची अपेक्षा ठेवू नका, फसाल. मी एक जुना घरगुती संगणक आहे. बटणं आणि मेंदू एकाच काळ्या डब्यात, पडदा म्हणून घरातला टीव्ही. मला सारे मिळून पंधराच रंग येतात. त्याहून मोठी अडचण म्हणजे माझा पडदा छोट्या छोट्या चौकटींत वाटलेला आहे आणि एका चौकटीत मला दोनच रंग दाखवता येतात. तिसरा आला की मी गोंधळतो आणि भलत्याच ठिपक्यांना भलताच रंग फासून मोकळा होतो.

सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत एक छोटी कंपनी होती. तिथे संगणकावरचे खेळ बनत. त्यांतली चित्रं काढणारी एक तरुण मुलगी होती. पुढे तिची भाची माझ्या आयुष्यात आली, म्हणून आपणही तिला आत्याच म्हणू. आत्या आधी ग्राफ पेपरवर पेन्सिलीने चौकटी भरायची, मग त्यांचे आकडे माझ्यात टाइप करायची. पडद्यावर डोंगर, नावा, माणसं उमटली की सगळे माझ्याभोवती जमत. "एवढ्याशा डब्यातून काय चित्रं निघतात!" म्हणत. मी नुसता फुगून जायचो.

पुढे माझ्याहून तगडे संगणक आले आणि कंपनीने गाशा गुंडाळला. आत्याने मला घरी आणलं खरं, पण माझी रवानगी कपाटावर, जादा उशांच्या मागे झाली. तिथे मी वर्षानुवर्षं धूळ खात पडलो. आत्या एका दवाखान्यात हिशेबाचं काम करू लागली. तिने पुन्हा चित्र काढलेलं मी पाहिलं नाही.

मग एकदा पाहुण्यांसाठी उशी काढताना तिच्या भाचीचा हात मला लागला. घरात तिला सगळे चिमणी म्हणतात, पण आता ती चांगली मोठी आहे. कापडावर छापायची नक्षी लॅपटॉपवर काढणं ही तिची नोकरी. तिने मला गुपचूप रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे नेलं. त्याने मला बरं केलं आणि मेमरी कार्ड बसवायची सोयही करून दिली. वाचनालयात जुन्या यंत्रांचं प्रदर्शन भरणार होतं. तिथे टेबलापाशी वाकून काम करणाऱ्या तरुण आत्याचं चित्र माझ्या पडद्यावर दाखवून तिला चकित करायचं, असं चिमणीच्या मनात होतं.

चित्र तिने कामावरच्या नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्येच काढलं. लॅपटॉपवर ते फारच सुरेख दिसत होतं. गालावर हलकी सावली, केसांवर उजेड. ते माझ्यासाठी बदलून तिने कार्डावर घातलं. माझ्यावर लावून पाहायला मात्र तिला सवड झाली नाही.

प्रदर्शनात आत्याला पुढच्या खुर्चीवर बसवलं. चिमणीने मोठ्या हौसेने बटण दाबलं. मित्रांनो, मी जीव तोडून प्रयत्न केला हो! पण प्रत्येक चौकटीत चार-चार रंग दाटीवाटीने उभे. कुणाला ठेवू, कुणाला हाकलू? आत्याचा अर्धा गाल हिरवा झाला, कपाळावर जांभळे चौकोन उठले.

"या बाईंच्या गालावर पोपट बसलाय!" मागून कुणीतरी ओरडलं आणि सगळी खोली हसली. आत्याही हसली. पण तिचा हात नकळत स्वतःच्या गालावर गेला. तो हात पाहिला आणि मला वाटलं, कुणीतरी माझी वायर ओढून काढावी.

घरी आल्यावर चिमणी रडकुंडीला आली होती. "फेकून द्यावासा वाटतोय हा डबा! पंधराच रंग वापरले होते गं मी."

"पंधरा अख्ख्या चित्रात. एका चौकटीत दोनच," आत्या म्हणाली. "मला विचारायचंस तरी."

"तुला सरप्राइज द्यायचं होतं."

आत्याने मला जवळ ओढलं. मग म्हणाली, "या डब्यापायी मी किती रडलेय, ठाऊक आहे? नाक धड काढावं तर गाल हिरवा, गाल सावरावा तर केस बिघडले. लोक वाहवा करायचे, आणि मला मात्र जे काढता आलं नाही तेवढंच दिसायचं. शेवटी चित्रं काढणंच नको वाटायला लागलं."

मी तिथेच टेबलावर होतो. हे मला कधी कळलंच नव्हतं. प्रदर्शनातलं हसू एक वेळ सोसलं असतं, पण हे ऐकून मी शरमेने काळाठिक्कर पडलो. आधीच काळा होतो, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नाही, एवढंच.

रविवारी दोघी लॅपटॉप घेऊन बसल्या. चिमणीचं नेहमीचं सॉफ्टवेअर त्यांनी आधीच बाजूला सारलं. त्यातले मऊ ब्रश कडेला नकळत नवे रंग मिसळत होते. दुसरं खास ठिपक्यांच्या चित्रांसाठी बनवलेलं होतं. ठरवलेल्या रंगांबाहेर ते जातच नव्हतं. पण माझ्या चौकटींचा नियम त्याला ठाऊक नव्हता. तिसरं कुण्या हौशी माणसाने माझ्यासारख्या यंत्रांसाठीच लिहिलेलं होतं. दिसायला अगदी ओबडधोबड, पण चौकटीत तिसरा रंग शिरला की ते लगेच तिथे लाल खूण करत होतं.

"हेच घेऊ," चिमणी म्हणाली.

"अगं, याच्यात काढताना जीव जाईल. काढू या दुसऱ्यात, तपासू तिसऱ्यात," आत्या म्हणाली. तेवढ्यात तिला चूक मागे घेण्याचं बटण सापडलं. तिने रेघ मारली, मागे घेतली, पुन्हा आणली, पुन्हा मागे घेतली. "अगंबाई! आमच्याकडे चुकलं की खोडरबर, आणि कागद फाटला की सुट्टीच्या दिवशीही कामावर!" ती खुदुखुदू हसत होती. आत्याला असं हसताना मी कंपनीतही पाहिलं नव्हतं.

त्यांनी सावली सरकवून हनुवटीखाली नेली, केसांची कड चौकटीच्या कडेशी जुळवली. मग चित्र माझ्यावर लावलं. सगळे ठिपके आपापल्या जागी बसले. टेबलापाशी वाकलेली तरुण आत्या पडद्यावर स्वच्छ दिसली.

चिमणीने टाळ्या वाजवल्या. "पुन्हा प्रदर्शनात नेऊ या?"

"नको. झालं तेवढं पुरे. बंद कर याला," आत्या म्हणाली. "आता तो लॅपटॉप इकडे सरकव. मला रंग हवेत."

मी बंद झालो. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण राग मात्र आला नाही.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना जपा, अधूनमधून धूळ पुसा. मात्र आमच्या कौतुकात कुणाला आमच्या चौकटीत कोंडून ठेवू नका. आत्याने त्या दिवशी एका पेरूचं चित्र काढायला घेतलं. माझ्या एका चौकटीएवढ्या जागेत तिने सात रंग भरले.