उरेल तो वाटा

आईचं वर्षश्राद्ध झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघं शेतात उभे होतो: माझे धाकटे भाऊ गजेंद्र आणि गोकुळ, शेषराव काका आणि मी. दोघे भाऊ वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते. वाटणी करायला त्यांना एकच माणूस चालत होतं.

"ताई तटस्थ हाये," गजेंद्र काकांना म्हणाला. "तिले काई पायजे नाई. तिनं खुंट्या ठोकाव्या, आमी मानतो."

मी चिखलीला शाळेत रसायनशास्त्र शिकवते. शुद्ध पाणी आम्लही नाही आणि अल्कलीही नाही, हे मुलांना लगेच पटतं. त्यात दोन्हींचे कण असतात, सारखेच असतात, हे पटायला वेळ लागतो. त्यांना वाटतं, पाण्यात काहीच नाही.

खुंट्या घेऊन मी चालू लागले. नाल्याकडे काळी जमीन, मध्ये विहीर, रस्त्याकडे मुरूम. इथेच कपाशीच्या ओळींत आई शेंदाडाच्या, त्या छोट्या रानखरबुजाच्या, बिया टोचायची. पिकलेलं शेंदाड वासावरून सापडायचं. दुपारी निंबाखाली ती विळा माझ्या हाती द्यायची आणि म्हणायची, "कापनाऱ्यानं शेवटी घ्यावं." म्हणून मी फार जपून कापायचे. तरी गोकुळ प्रत्येक फोडीवर बोटं ठेवून मापायचा, आणि आई पदर तोंडाला लावून हसायची. फोडी तीनच असायच्या.

काळीचा तुकडा मी लहान ठेवला, मुरमाचा मोठा. शेवटची खुंटी ठोकली तेव्हा काका म्हणाले, "पोरी, हे त तीन झाले."

"हो काका."

गजेंद्रचा चेहरा उतरला. "म्हंजे तुलेबी पायजे? मंग तटस्थ कायची?"

"मले पायजे म्हनूनच नीट मापलं. तुमी आधी घ्या."

माहेर तुटतं ते अशाच एखाद्या सकाळी. शेजारच्या दोन घरांत मी ते पाहिलं होतं. मग गोकुळच म्हणाला, "काऊन दादा, आता कोनता चांगला ते सांग बरं?"

दोघे वेगवेगळ्या बाजूंनी निघाले आणि विहिरीपाशी एकत्र आले. तिथे बराच वेळ हातवारे चालले होते.

परत आल्यावर गजेंद्र माझ्याकडे न पाहता म्हणाला, "काळी माही. विहीर याची, पानी तिघायचं. तुले मुरूम राह्यला."

"राहू दे."

"तूर लावजो त्यात. पेरून मी देईन," तो म्हणाला. "निंदाले-खुरपाले मात्र तूच ये."