घुम्याला डिस्चार्ज

आमच्या घरात हल्ली दोघंच राहतो. एक मी आणि दुसरा घुम्या. घुम्या पाच-सहा वर्षांचा आहे, आणि गेली तीसेक वर्षं तेवढाच आहे. खाण्यापिण्याचा त्रास नाही, उलटून बोलणं नाही, शाळेची फी नाही. फक्त दिसत नाही. तेवढं एक सोडलं तर पोरात नाव ठेवायला जागा नाही.

आता तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्यानं सुरू केलं. कबूल. माझ्या दहा गोष्टींतल्या अकरा खोट्या असतात हे चार गल्ल्यांत सगळ्यांना ठाऊक आहे. पण ही गोष्ट माझी नाहीच, हिची आहे. ही म्हणजे माझी बायको. लहान मुलांच्या दवाखान्यात मोठी सिस्टर होती. तिनं आयुष्यात दोनदाच खोटं सांगितलं. एकदा लग्नाआधी, "तुमच्या गोष्टी मला फार आवडतात," असं म्हणाली तेव्हा. आणि दुसऱ्यांदा खिडकीवालीच्या खाटेपाशी.

खिडकीवाली म्हणजे पाच वर्षांची एक पोरगी. खाट खिडकीजवळ, म्हणून हे नाव. पायाच्या हाडात पू झालेला. पाय फळीला बांधलेला, हाताला सुईची नळी चिकटवलेली, सकाळ-संध्याकाळ इंजेक्शनं, आणि हे सगळं कित्येक आठवडे चालायचं होतं. आई घरी ओली बाळंतीण. बाप सुट्टीच्या दिवशी लांबून यायचा, पिशवी मांडीवर धरून खाटेच्या टोकाशी बसायचा आणि परतीची गाडी चुकेल म्हणून निघायचा. एरवी भेटीची वेळ झाली की वॉर्डात जत्रेसारखी गर्दी. खाटेखाटेला आत्या, मावश्या, काका चिकटलेले. पोरगी मात्र खिडकीकडे तोंड करून पडलेली. रडायची नाही. ही घरी येऊन म्हणायची, "रडणारं मूल परवडलं हो. न रडणाऱ्याची धास्ती वाटते."

आणि एक दिवस त्या खाटेवर घुम्या आला. कुठून आला, फाटकावरच्या पहारेकऱ्यानं त्याला सोडला कसा, काही पत्ता नाही. हिला एवढंच दिसलं की पोरगी खाटेच्या अगदी कडेला सरकून झोपली आहे.

"अगं, पडशील ना! मधे सरक."

"कशी सरकू? घुम्या आहे ना मधे."

"घुम्या कोण?"

"तो बोलत नाही कुणाशी. म्हणून घुम्या."

वॉर्डातली डॉक्टरताई तरुण होती, मुलांच्या मनाचं शास्त्रही शिकून आलेली. ती म्हणाली, "सिस्टर, चांगलंच आहे. एकटं पडलेलं मूल असा सोबती करतं. हाकलू नका त्याला." नुसतं म्हणून थांबली नाही. मुलांच्या डॉक्टरांची एक जुनी रीत असते, आधी बाहुलीला तपासायचं, मग मुलाला. डॉक्टरताईनं आधी घुम्याला तपासायला सुरुवात केली. छातीला लावायची नळी हवेत धरून म्हणायची, "घे बरं खोल श्वास. वा! आता जीभ दाखव. शी, दात घासले नाहीत वाटतं?" पोरगी गंभीरपणे सांगायची, "तो घाबरतो ब्रशला." इंजेक्शनही आधी घुम्याला. तो म्हणे फार आकांडतांडव करायचा. मग पोरगी मोठ्या माणसासारखा सुस्कारा टाकून आपला दंड पुढे करायची. जेवतानाही एक घास घुम्याचा, एक तिचा. आणि घुम्याचे घास कुणाच्या पोटात जायचे ते तुम्हीच समजा. वजन वाढायला लागलं. वॉर्ड खूश.

पण चांगलं चाललेलं बघवत नाही माणसाला. शेजारच्या खाटेवरचा मुलगा बरा होऊन घरी गेला आणि खिडकीवाली त्या रिकाम्या गादीकडे बघत बसली. डॉक्टरताईला वाटलं, पोरीला जरा उभारी द्यावी. दुसऱ्या दिवशी राउंडला तिनं घुम्याला नेहमीपेक्षा जास्त वेळ तपासलं, गुडघ्यावर हातोडी मारली, आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "घुम्या एकदम ठणठणीत! दिला डिस्चार्ज! आता पुढचा नंबर तुझा."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पोरांनी खाटेवर उभं राहून वाजवल्या. खिडकीवालीनं तेवढ्या वाजवल्या नाहीत.

दुपारचं ताट जसंच्या तसं परत आलं. संध्याकाळचंही. दुसऱ्या दिवशी दूधसुद्धा नाही. औषध जिभेवर ठेवलं की बाजूनं बाहेर. आणि ही सांगायची, "अहो, ती आता खाटेच्या मधोमध झोपते. एवढंसं अंग, आणि केवढी मोठी दिसते ती खाट."

असंच चाललं तर नाकातून नळी घालून भरवावं लागेल, असं ठरलं. डॉक्टरताईचा चेहरा पडला. ती खाटेपाशी बसली आणि म्हणाली, "अगं, घुम्याला परत बोलावू या का?"

"परत आजारी पाडणार त्याला?"

"नाही गं. तो आपल्या घरी मजेत आहे."

"कुठल्या घरी?"

"त्याच्या घरी."

"त्याला घर नाहीये," पोरगी म्हणाली. "तो इथेच असायचा. तुम्ही त्याला बाहेर काढलं."

मुलांच्या मनाचं सगळं शास्त्र शिकलेली ती डॉक्टरताई. ती नुसती चादरीच्या सुरकुत्या काढायला लागली. तेव्हा माझी बायको, जिनं दूधवाल्यालासुद्धा कधी 'घरी नाहीत' असं सांगितलं नाही, ती पुढे झाली आणि म्हणाली, "बाहेर कशाला राहील? आमच्या घरी आहे की तो."

पोरगीनं पहिल्यांदा मान वळवली. "तुमच्या घरी? जेवला?"

"तू जेवलीस की सांगते."

"आधी सांगा."

"उद्या नीट बघून सांगते," ही म्हणाली. तेवढ्यावर पोरगीनं अर्धा पेला दूध घेतलं. सगळं नाही. अर्धं राखून ठेवलं, उद्याच्या बातमीवर.

संध्याकाळी ही घरी आली ती चप्पलसुद्धा न काढता दारात उभी. "अहो, मी आज खोटं बोलले."

"बस, पाणी पी. मी रोज बोलतो, काही होत नाही."

"चेष्टा नको. आता ते खरं करावं लागेल." आणि तिनं तिसरं ताट काढलं.

आता मला सांगा, थापा मारायला मी जन्माला आलो, आणि ही बाई मला थाप मारू देईना! मी म्हटलं, अगं, तिला सांग, घुम्यानं आज आमच्या पाण्याच्या टाकीवर बसून कावळ्यांना पाढे शिकवले. सांग, त्याच्या शिट्टीनं पोस्टमन उलटा चालत गेला. ही म्हणाली, "मला तिच्या डोळ्यांत बघून सांगायचंय. घडलेलं असेल तेच सांगणार." म्हणजे घडवणं माझ्याकडे आलं. मी दोन ताटांतलं जेवलो. आमच्या पलंगावर मधे उशी ठेवली, आणि आम्ही दोघं दोन कडांना. दुसऱ्या दिवशी ही ताठ मानेनं सांगू शकली, "ताट स्वच्छ झालं. आणि झोपला आमच्या दोघांच्या मधे."

"कडेला नाही ना ठेवलं?"

"नाही. कडेला आम्ही."

पोरगी जेवली. पण हसेना. मग एकदा घरात चहाची बशी माझ्या हातून निसटली. खरोखर निसटली, शपथ. माझी शपथ चालत नसेल तर हिची घ्या. ती बातमी वॉर्डात गेली. "आज घरात बशी फुटली गं."

"फुटली? मग रागावलात?"

"नाही."

"मारलं नाही?"

"छे! तुकडे गोळा केले आणि चहा पेल्यात प्यालो."

पोरगी बघत राहिली, आणि मग अशी खिदळली म्हणे, की बांधलेल्या पायाची फळी गदगदा हलली. ताट संपवून वर मागून घेतलं.

झालं! माझ्यामागे काम लागलं. आमच्याकडे पोरंबाळं नाहीत, त्यामुळे लग्नातल्या बशा जशाच्या तशा होत्या. कधी टवकासुद्धा उडाला नव्हता. आता रोज संध्याकाळी ही दमूनभागून यायची, पदर खोचायची आणि म्हणायची, "फोडा." मी फोडायचो. कधी बशी, कधी कप. एकदा उत्साहाच्या भरात खिडकीची काच गेली. शेजारीण भिंतीपलीकडून ओरडली, "काय हो, म्हातारपणी भांडणं सुरू झाली का?" म्हातारपण तेव्हा लांब होतं, पण तिला काय सांगणार? ही आतून ओरडली, "भांडण नाही हो, पोर खोड्या करतंय!" बोलून गेली आणि खोचलेला पदर सोडून पुन्हा खोचला. मग आम्ही दोघांनी खाली बसून तुकडे वेचले. त्या दिवसांत ही घरात गुणगुणायची. मी त्याबद्दल काही बोललो नाही. बोललं की थांबतं.

पाय भरून आला. फळी सुटली. खिडकीवाली भिंतीला धरून, मग सिस्टरच्या बोटाला धरून, मग कुणालाच न धरता चालायला लागली. घरी जायचा दिवस ठरला. आदल्या संध्याकाळी ही म्हणाली, "उद्या त्याला घेऊन या तुम्ही. तिच्याबरोबर पाठवायला हवं." आणि पाठमोरी होऊन उगाच कपाट आवरत बसली.

मी गेलो. घुम्याला हाताला धरून नेला. खोटं वाटेल, पण भर रस्त्यातून एक हात खाली, पाच वर्षांच्या पोराच्या उंचीवर धरून चाललो होतो. दोन माणसांनी वाट सोडली. तिसऱ्यानं विचारलं, "खांदा धरलाय का?"

दवाखान्याच्या पायऱ्यांवर सगळे उभे होते. बाप, कडेवर बाळ घेतलेली आई, डॉक्टरताई, आणि मधे खिडकीवाली, नव्या चपला घालून. तिनं मला आधी कधी पाहिलं नव्हतं. ही म्हणाली, "हे आमच्या घरचे. बघ, घुम्याला घेऊन आलेत."

पोरगीनं माझ्या खाली धरलेल्या हाताकडे पाहिलं. मग माझ्या तोंडाकडे. आणि लहान मुलाला समजवावं तसं, अगदी मायेनं म्हणाली, "काका, तो खोटाखोटा होता."

एवढं बोलून ती आईकडे वळली, बाळाचा पाय धरून हलवला आणि म्हणाली, "हा माझा भाऊ. हा बोलत नाही, पण बोलणार आहे." पायऱ्या उतरली, बापाचं बोट धरून कोपऱ्यावरून वळली. मागे पाहिलं नाही.

डॉक्टरताईच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "सिस्टर, पाहिलंत? हेच हवं होतं. गरज संपली की मूल आपणहून सोडून देतं. पूर्ण बरी झाली!"

"हो," ही म्हणाली. "फार चांगलं झालं."

आम्ही घरी निघालो. माझा हात अजून खालीच होता. आता तो सोडायचा कसा, हे मला कळेना. भर रस्त्यात, एवढ्या वाहनांत पाच वर्षांच्या पोराचा हात सोडायचा म्हणजे काय? मी हिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे न बघता चालत होती, पण माझ्यापासून एक पोर मावेल एवढं अंतर ठेवून. रस्ता ओलांडताना तिनंही आपला हात खाली केला.

घरी आलो. हिनं पदर खोचला, चहा केला. दोन कप, दोन धड उरलेल्या बशा. मी माझी बशी उचलली, तिच्याकडे पाहिलं. ती 'फोडा' म्हणाली नाही. मी चहा ओतला, प्यालो, आणि बशी जपून खाली ठेवली.

ही जाऊन आता बरीच वर्षं झाली. पलंग मोठा आहे. मी कडेला झोपतो.