जागेचा रकाना

नागप्पाने कटला फळीवर आडवा केला आणि त्याचं तोंड टोकाच्या पट्टीला टेकवलं. शेपूट सरळ करायला गेला तेवढ्यात मासा निसटून चिखलात पडला. एकट्याला दोन्ही टोकं धरता येत नव्हती. शेपटीकडची बाजू त्याची बायको काशम्मा धरायची. कार्तिकात ती गेली. आता चैत्र लागला होता. त्याने मासा धुतला, शेपटीवर गुडघा ठेवला, मोजपट्टीवरचा आकडा वाचला आणि वहीत लिहिला. छप्पन्न सेंटिमीटर.

वही मासळी खात्याची होती. रोज किती जाळी टाकली, किती किलो मासळी आली, लांबी किती, जागा कुठली, असे रकाने होते. त्यावरून तळ्यात मासळी किती आहे याचा अंदाज साहेब बांधणार होते. भोयांच्या सात घरांत लिहिता येणारा नागप्पा एकटाच.

"एकेचाळीस किलो अण्णा," त्याच्या जोडीने जाळं टाकणारा कल्लप्पा ताणकाटा खाली ठेवत म्हणाला. "दिवाळीत नऊ येत हुते. जरा झोकात लिव्ह की."

"पाणी कुटं गेलंय ते बघ."

कल्लप्पाने बघितलं नाही. दोन वर्षं पाऊस नव्हता. देवळाच्या पायरीपासून पाण्यापर्यंत आता दोनशे पावलं भेगाळलेला गाळ तुडवावा लागत होता. सगळ्या तळ्यातले मासे काठावरच्या पिंपरणीच्या झाडासमोरच्या डोहात गोळा झाले होते. त्या डोहात भोई जाळं टाकत नसत. कडेने फिरायचं, बाहेर येईल तेवढं घ्यायचं. आतलं ते बियाणं. डोह कुठे आहे हे परक्याला सांगायचं नाही, असाही रिवाज होता.

"सगळं लिव्हा, पर जागा लिव्हू नगा," काशम्मा म्हणाली होती. तो रकाना कोराच होता.

दुपारी सोलापूरहून जीप आली. खात्याचे शिवयोगी साहेब पायरीवर बसून वही चाळू लागले.

"या तेरा दिवसांत काहीच नाही?"

"घरात सुतक हुतं."

"मग शून्य लिहायचं."

"सायेब, शून्य म्हंजे जाळं टाकलं आन् मासा आला न्हाय. आमी जाळंच टाकलं न्हवतं."

साहेब हसले. माणूस वाईट नव्हता. "जिल्ह्यात अशी वही दुसऱ्या कुणाची नाही," ते म्हणाले. मग त्यांचं बोट आकड्यांवरून खाली सरकलं. नऊ, चौदा, तेवीस, एकेचाळीस. "चौपटीच्या वर गेली मासळी. ओढजाळाला मंजुरी मिळवतो. सोमवारी माणसं येतील. दुष्काळी कामावरच्या लोकांच्या पोटात तरी जाईल."

"मासं वाढल्यालं न्हाईत. पाणी आटलंय. घर ल्हान झालं म्हंजे माणसं वाढली व्हय?"

"आकडे तुमचेच आहेत, नागप्पा."

नागप्पा म्हणाला, "बियाणं जाईल, सायेब. मग कितीबी पाऊस पडू द्या, तळं रिकामंच."

"पुढचं पुढे बघू."

जीप गेल्यावर कल्लप्पा उखडला. "लई शाना हाईस. पाणी आटलं की तसं बी बगळंच खाणार हाईत. माजी चार पोरं रेशनच्या मिलो जवारीची भाकरी चावत बसल्यात. तुज्या घरी खाणारं कोण हाय?"

बोलून झाल्यावर त्यालाच वाईट वाटलं. नागप्पा फळी धूत राहिला. ती आधीच स्वच्छ झाली होती.

सोमवारी बारा माणसं आणि एक लांबलचक जाळं आलं. साहेबांनी वही उघडली.

"जागा तेवढी तुम्ही लिहिलेली नाही. मासे कुठे आहेत ते दाखवा."

साती घरची माणसं गाळावर उभी होती. नागप्पाने हात उचलला तो बांधातल्या मोरीकडे, जिथून तळ्याचं पाणी सोडत तिकडे. तिथे कमरेएवढंच पाणी होतं. आजवर त्याने या साहेबांना एकही खोटी गोष्ट सांगितली नव्हती. हात वर धरून ठेवणं जड जात होतं.

साहेबांनी कल्लप्पाकडे बघितलं. "काय, बरोबर?"

कल्लप्पाने तंबाखूची पिंक टाकली. नागप्पाकडे बघितलं, मग पाण्याकडे.

"व्हय. तितंच."

दोनदा जाळं ओढलं. चिखल आला, खेकडे आले, तीन मरळी आल्या. जाळंवाले शिव्या देत दोर गुंडाळू लागले. साहेबांनी स्वतःच्या हाताने वहीत तीनचा आकडा लिहिला.

"एका अर्थी बरंच झालं," ते म्हणाले. "इथे मासळी आहे म्हणून एवढं पाणी राखायला मीच लिहून दिलं होतं. रस्त्याच्या कामावर सहाशे माणूस आहे, प्यायला पाणी नाही. आता माझी हरकत राहिली नाही. उद्या पंप लागेल."

"किती उपसणार?" नागप्पाने विचारलं.

"होते ते तुम्ही काढलेत. आता मासेच नाहीत तर ठेवायचं कशाला? सगळं."

त्यांनी वही त्याच्यापुढे धरली. "तीन मासे. खाली सही करा."

कल्लप्पा मागून अगदी जवळ आला. "अण्णा," तो हळू आवाजात म्हणाला, "सांग की आता."

"काय सांगू?"

कल्लप्पाने जाळ्याकडे बघितलं. जाळंवाल्यांनी अजून दोर बांधला नव्हता; डोह दाखवला तर जाळं तिथे पडलं असतं. जीपमधल्या कागदांवर पंपाची मागणी होती. नागप्पाने पेन घेतलं. पिंपरणीच्या समोर पाण्यावर एक मोठं वर्तुळ उठलं, त्याला लागून दुसरं. साहेबांची पाठ तिकडे होती.

"करा सही," साहेब म्हणाले. "ऊन चढतंय."