टँकरवरचा फोटो

ट्रेमेन ओडमला मी शोधलं, हे आधीच सांगून टाकतो. मिसिसिपीतल्या त्याच्या गावात तेव्हा कुठल्याच कॉलेजचा फुटबॉल कोच फिरकत नव्हता. तीन वर्षं मी दोनशे मैल गाडी हाकत जात राहिलो, त्याची आई व्हर्लीन हिच्या टेबलावर तळलेला मासा खाल्ला, आणि आमच्या छोट्या कॉलेजात पोराचं शिक्षण, राहणं, जेवण सगळं फुकट होईल असा शब्द दिला.

मग खेळाडूंना जाहिरातींचे पैसे घ्यायची मुभा मिळाली. आमच्याकडे देणगीदार एकच, सेप्टिक टँक उपसणारा ग्रेडी. आठशे डॉलर आणि टँकरवर ट्रेमेनचा फोटो, एवढी त्याची झेप. पण एका मोठ्या विद्यापीठाच्या मागे गाड्यांचा डीलर होता. त्याने नवाकोरा पिकअप आणि साठ हजार देऊ केले.

"कोच, पोरं म्हणतात, तुझं थोबाड मैल्यावर झळकणार," ट्रेमेन फोनवर हसत म्हणाला आणि त्यांना तोंडी होकार देऊन मोकळा झाला. हसायला मीही हसलो, पण आतून पेटलो होतो. ही शर्यतच खोटी होती. पण त्या डीलरचं मी काय वाकडं करणार? राग काढायला मला अठरा वर्षांचं पोर सापडलं.

पोरं कॉलेजशी करार करतात त्या सह्यांच्या दिवशी शाळेच्या जिममध्ये सगळं गाव जमतं. टेबलावर कॉलेजांच्या टोप्या मांडतात. पोरगा त्यातली एक डोक्यावर घालतो आणि सही करतो. नऊचा सोहळा होता. सव्वाआठला ट्रेमेनचा फोन आला. मोठ्या विद्यापीठाने दुसऱ्या कॉलेजातला तयार खेळाडू फोडला होता आणि याला नुकतंच नाही म्हणून कळवलं होतं. पिकअपचा करार सहीनंतर व्हायचा होता, त्यामुळे तोही गेला.

"कोच, माझी जागा आहे ना अजून?"

जागा होती. त्याचं नाव घातलेला कागद माझ्यासमोरच पडला होता.

"भरली रे बाळा. कालच," मी म्हणालो. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

फोन व्हर्लीनने घेतला.

"तीन वर्षं तुम्ही माझ्या घरी जेवलात, कोच. खरं सांगा."

"ते माझं कामच होतं, मिसेस ओडम."

ती रडली नाही, भांडलीही नाही. एवढंच विचारलं, "मग टोप्या उचलून ठेवू का? लोक यायला लागलेत."

"ठेवा," मी म्हणालो.

पुढचा आठवडाभर मी पोरांना फोन लावत होतो. जे बरे होते ते आधीच विकले गेले होते. आमची ती जागा त्या वर्षी कोणालाच मिळाली नाही.